डायनामोची तार

पुलाचं काम निघालं, संध्याकाळची बस बंद झाली, आणि दहावीच्या ऐन वर्षात करुणा सायकलीवर आली. सायकल तशी नामी होती. आठवीत शाळेतून मिळालेली, जांभळी, पुढं जाळीची टोपली. सकाळी आखाडा बाळापूरला निघाली की अशी सुसाट पळायची, की रस्त्याकडेच्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवून बघत. गोष्ट बिघडली ती संध्याकाळी.

शाळेत गणित-विज्ञानाचा जादा क्लास सुरू झाला होता. तो सुटेस्तोवर सूर्य टेकलेला असे आणि अर्ध्या वाटेत अंधार गाठी. करुणानं आधी हँडलला चार्जिंगची बॅटरी बांधली. पण गावात लाइट कधी येणार, कधी जाणार, याचा पत्ता लाइटीलाच नसतो. एके दिवशी बॅटरी चार्ज झाली नाही. चांदणं असेल की, असं म्हणत ही तशीच निघाली. चांदणं नव्हतं. समोरून उसाच्या ट्रॅक्टरचा झोत डोळ्यांवर आला आणि करुणा सायकलीसकट रस्त्याकडेच्या चारीत. कोपर सोलून निघालं, टोपली चेपली.

दुसऱ्या दिवशी तिच्या बापानं, भीमराजनं, पत्र्याची पेटी उघडून तळातून डायनामो काढला. त्याच्या जवानीतल्या सायकलीचा. ती सायकल कधीच भंगारात गेली होती, डायनामो मात्र त्यानं जुन्या बनियनमध्ये गुंडाळून जपला होता. औषधाच्या शिशीएवढा तो, वर दातेरी टोपण. मागच्या चाकाशेजारी बसवला, टोपण टायरला टेकवलं, पुढं दिवा लावला आणि चाक फिरवलं. भिंतीवर पिवळा गोल उमटला.

"याला शेल न्हाई, चार्जिंग न्हाई," भीमराज म्हणाला. "पाय हालला की उजेड."

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी करुणालाही तो आवडला. घूंऽऽ करत गल्लीतून दोन चकरा मारून तिनं सगळ्यांना दाखवला. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या मांड्यांना कळलं की हा पाहुणा फुकट बसलेला नाही. सपाटीवरसुद्धा सायकल अशी चालायची, जणू मागून कुणी ओढणी धरली आहे. त्यात त्याची स्प्रिंग म्हातारी. खड्डा आला की टोपण टायरावरून निसटायचं आणि दिवा गप. मग भीमराजनं पक्कड घेतली आणि पोती बांधायच्या तारेनं डायनामो असा आवळून टाकला, की टायरची कड आत दबली. आता तो निसटत नव्हता. आता तो उचलताही येत नव्हता. दिवसाढवळ्या, दिव्याचं काही काम नसताना, सकाळीसुद्धा तो चाकाला चावून बसायचा. म्हशी आता बिनघोर रवंथ करत होत्या.

हळदीचा हंगाम चालू होता. भीमराज आणि रुक्माबाई, करुणाची माय, थावराच्या टोळीत हळद शिजवायला जात. थावरा तांड्यावरचा. हळद शिजवायचा कुकर त्याचाच. मधे पाण्याची टाकी, खाली जाळ, बाजूला मोठाले ड्रम. टाकीतली वाफ ड्रममधल्या कच्च्या हळदीत सोडायची, ती शिजली की ड्रम कलंडवून खळ्यावर पसरायची. यंदा कुकर लागला होता रतनसिंगच्या माळावर, अगदी रस्त्याला लागून. माळ उंच. तिथं बसलं की बाळापूरकडून येणारा रस्ता पार खालच्या ओढ्यापर्यंत दिसायचा. ओढ्यापासून माळापर्यंत सगळा चढ, तोही उखडलेल्या खडीचा.

करुणा क्लासहून थेट माळावर यायची. टोळीसाठी बाळापूरहून चहापत्ती, पाव, काय सांगितलं असेल ते आणायची, मायच्या हाताखाली थोडं काम करायची आणि मग तिघं मिळून घरी जात. या टोळीतल्या माणसांना एक सवय होती. वाफ बघायची. वाफ पडली की जाळ गेला, हे त्यांना मान न वळवता कळायचं. त्याच डोळ्यांनी ती करुणाचा दिवाही बघू लागली. ओढ्यापाशी पिवळा ठिपका दिसला की टोळीतली मिराबाई म्हणायची, आली बघा भीमराजची बॅरिस्टर. ठिपका हलत वर यायचा. आणि चढाच्या मध्यावर, बाभळीपाशी, विझायचा.

तिथं काय व्हायचं ते करुणाच्या गुडघ्यांना विचारा. ओढ्यातून निघताना ती जोर घ्यायची, पॅडलवर उभी राहायची, पाठीवरचं दप्तर डावी-उजवीकडे झोके खायचं. डायनामोचा सूर उतरत जायचा, घूंऽऽचं घुर्र, घुर्रचं घर्र. दिवा लालसर व्हायचा. खडीत चाक रुतायचं आणि पाय टेकायचा. मग उतरून ढकलत. ढकलताना दिवा इतका मिणमिणा की माळावरून काहीच दिसायचं नाही. बाभळीपासून वरपर्यंत, टोळीच्या हिशेबानं, भीमराजची पोरगी अंधारात गडप.

पहिल्या वेळी बापानं साधंच विचारलं, दिवा काहून विझला म्हणून. तिनं साधंच सांगितलं, चढ आहे, डायनामो ओढतो, उतरावं लागतं. भीमराज हसला. तेवढीशी शिशी काय ओढणार? दुसऱ्या वेळी तो हसला नाही. तिसऱ्या वेळी मिराबाई विळ्यानं कांदा चिरता चिरता सहज म्हणाली, बाभळीखाली कोण भेटतं गं तुला? बाया हसल्या. थावरा खाकरून जाळात लाकूड सारायला लागला. करुणाचे कान असे तापले, की त्यावर ड्रमभर हळद शिजली असती.

त्या रात्री घरी आल्यावर तिनं सायकल उलटी केली. तार होती तशी ठेवून मागचं चाक हातानं जोरात फिरवलं. चाक दोन गिरक्या घेऊन जीव गेल्यासारखं थांबलं. मग पुढचं फिरवलं. ते फिरतच राहिलं, फिरतच राहिलं, बोटानं थांबवावं लागलं.

"बघितलं का, बाबा?"

भीमराजनं बघितलं. विचार केला. मग म्हणाला, चाक रिकामं आहे म्हणून थांबतं, वर माणूस बसल्यावर बराबर चालतं. यावर काय बोलायचं? करुणानं दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांना विचारलं. सर खूश झाले. त्यांनी फळ्यावर चाक काढलं, डायनामो काढला, बाण काढले. उजेड आकाशातून येत नाही, तो तुझ्या पायातून येतो, जितका उजेड जास्त तितका जोर जास्त, आणि टोपण फार दाबलं असेल तर निम्मा जोर नुसता टायर घासण्यात जातो. करुणा नाचतच माळावर आली आणि सगळं जसंच्या तसं बापाला सांगितलं, बाण सोडून.

"तुझे सर कशावर येतात शाळेला?" भीमराजनं विचारलं.

"मोटरसायकलवर."

"मग झालं तर." आणि पुढं त्यानं टोळीला ऐकवलं, की ह्याच डायनामोवर आपण कळमनुरीचा बाजार केला, डबलसीट, करुणाच्या मायला मागं बसवून, आणि एकदाही दम लागला नाही. आताच्या पोरांच्या अंगात जीवच नाही. मॅगी खातात.

मॅगी तिनं सहा महिन्यांत खाल्ली नव्हती.

राग माणसाला शहाणपण शिकवतो असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. करुणाला रागानं पक्कड शिकवली. वर्गातल्या राणीच्या घरी पक्कड होती, ती तिनं मागून घेतली. बाळापूरबाहेर पडल्यावर तिनं तारेचा पीळ सोडला, डायनामो उचलून बाजूला केला आणि अंधार पडेस्तोवर तशीच पळाली. काय ती सायकल होती! वाऱ्यानं वेणी मागं उडत होती. ओढ्याअलीकडे थांबून तिनं टोपण टायरला लावलं, तार गुंडाळली, पीळ दिला आणि दिवा लावून शहाण्यासारखी चढाला लागली. बाभळीपाशी दिवा नेहमीप्रमाणे विझला, पण आज पायात उरलेला जोर जास्त होता, म्हणून जरा वर विझला. एवढंच.

भीमराजनं सायकल टेकवताना तारेवरून अंगठा फिरवला. आयुष्य गेलं त्याचं पोत्याची तोंडं बांधण्यात. तो उजव्या हाताचा, पीळ देणार तो एका बाजूनं. करुणा डावखुरी.

"ही तार कुणी सोडली?"

टोळी जेवायला बसली होती. सगळ्यांचे घास थांबले. करुणा म्हणाली, मीच. काहून, तर पळवून बघायची होती.

"अंधारात दिवा काढून पळवायची व्हती?"

"उजेड व्हता तवा, बाबा. ओढ्याजवळ परत लावला."

"ओढ्याजवळ थांबलीस म्हंजे."

बघा, आता याला काय म्हणावं? प्रत्येक खऱ्या गोष्टीला एक खोटं शेपूट फुटत होतं. मिराबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. भीमराजनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं: पुन्हा बाभळीपाशी दिवा विझला तर क्लास बंद. शाळा सुटली की उजेडी घरी. गणित घरी बसून कर.

घरी बसून गणित होत असतं तर ती बाळापूरला कशाला गेली असती? परीक्षा तोंडावर आलेली. भूमितीची अर्धी प्रमेयं राहिलेली. त्या रात्री चुलीपुढं बसून ती फणफणत होती. रुक्माबाई गार पाण्यात हात बुडवून बसली होती. वाफेनं तिच्या मनगटावर फोड आले होते, नखं पिवळीजर्द. ती हळूच म्हणाली, कळमनुरीच्या वाटेला चढ आला की तुझे बाबा मला खाली उतरवत. मी मागून सायकल ढकलायची.

करुणा थक्क झाली. "मग तवा काहून न्हाई बोललीस, माय? सगळ्यांसमोर?"

"बोलले असते तर ते खोटे पडले असते," रुक्माबाई म्हणाली. "आन खोटा पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी लेकीला क्लासला धाडतो का?"

करुणाला ते पटलं नाही.

पुढचे काही दिवस तिनं तो चढ दातांनी चढला म्हटलं तरी चालेल. चहापत्तीची पुडी टोपलीत, दप्तर मागं कॅरिअरला आवळलेलं, म्हणजे झोके खाणार नाही. ओढ्याच्या उतारावरून ब्रेक न लावता सुटायचं, तळाशी पाण्याचे शिंतोडे उडवत वर लागायचं. बाभळीपाशी मांड्यांत आग, घशात खडीची धूळ, दिवा विझत्या काडीएवढा. विझू नको, विझू नको, असं ती दिव्याला म्हणायची, आणि जोर मात्र स्वतःचाच घालायची. रोज वर पोचली की तिचे पाय लटपटत. प्रमेयं सगळी डोक्यातून सांडलेली असत. आणि वर आल्यावर भीमराज म्हणे, बघ, आता बराबर जमतं का न्हाई? नुसतं मनावर घ्यायला पाहिजे.

आणि मग एके दिवशी नाही जमलं. पोटात दुखत होतं, पाळी आलेली. बाभळीच्याही अलीकडे पाय टेकला. दिवा गेला. करुणा अंधारात उभी राहिली. वर माळावर जाळ दिसत होता, त्यापुढून हलणारी माणसं दिसत होती, आणि तिला पक्कं माहीत होतं की या क्षणी ती सगळी इकडेच बघताहेत. ती रडली नाही. तिनं डायनामोला एक लाथ घातली. लागलं तिच्याच अंगठ्याला.

ती ढकलत वर आली तेव्हा भीमराज रस्त्यावर येऊन उभा होता.

"उद्यापासून क्लास बंद," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

करुणानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कुकरपाशी फस्सकन आवाज झाला. एका ड्रमच्या झाकणाचं रबर फाटलं होतं. वाफ कडेनं सैरावैरा सुटली, बाया पदर सावरत मागं सरल्या. थावरानं नळ बंद केला आणि कपाळावर हात मारला. हळद अर्धी शिजलेली. तशीच गार झाली तर आतून काळी पडणार आणि रतनसिंग सगळ्यांच्या नावानं शिमगा करणार. रबर बाळापूरला मिळत होतं, दुकान अजून उघडं असणार. पण थावराची मोटरसायकल त्याचा भाचा कुरुंद्याला घेऊन गेलेला. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत करुणाच्या सायकलीवर आल्या.

भीमराजनं तिच्या हातातून हँडल घेतलं, टांग टाकली आणि घूंऽऽ करत उतारावरून गेला.

करुणा मायजवळ दगडावर बसली. मिराबाईनं चहा दिला, तिच्या तोंडाकडे न बघता. थावरा ड्रमवर ओली पोती टाकून वाफ धरून ठेवायच्या नादात होता. क्लास बंद. तिनं मनातल्या मनात उद्याचं प्रमेय आठवायचा प्रयत्न केला, अर्धवट आठवलं, पुढचं सर उद्या सांगणार होते.

बऱ्याच वेळानं ओढ्याच्या पलीकडे पिवळा ठिपका दिसला. टोळी उठून उभी राहिली. ठिपका ओढ्यात उतरला, दिसेनासा झाला, अलीकडून वर निघाला. मग हळू झाला. लाल झाला. करुणाला बसल्या जागी त्या पायांत काय चाललं आहे ते कळत होतं. आता खडी लागली. आता तो पॅडलवर उभा राहिला. आता सूर उतरला.

बाभळीपाशी दिवा विझला.

तिनं श्वास धरला आणि सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मिराबाईकडे तर मान पुढं करून पाहिलं.

"उतरला असंल," थावरा म्हणाला. "चढ हाय तिथं."

"व्हय, लई उभा चढ हाय," मिराबाई म्हणाली. "दिवसभराचं थकलेलं माणूस."

आणि पुन्हा सगळे ड्रमकडे वळले. बस्स. एवढंच. करुणाला ओरडावंसं वाटलं, हसावंसं वाटलं, दगड उचलून कुकरवर मारावासा वाटला. म्हणजे यांना ठाऊक होतं! चढ आहे, उभा आहे, तिथं माणूस उतरतो, हे सगळं सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ज्ञान होतं, फक्त तिच्यासाठी नव्हतं. तिनं मायकडे पाहिलं. रुक्माबाई रस्त्याकडेच बघत होती आणि तिचे पिवळे ओठ गच्च मिटलेले होते.

भीमराज वर आला तो सायकल ढकलत. बनियन पाठीला चिकटलेलं, नाकातून श्वास पुरेना म्हणून तोंड उघडं. दोन मण ओली हळद पाठीवरून वाहणारा गडी तो. रबर थावराच्या हातात देऊन तो खाली बसला आणि गुडघे चोळू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, चेनला ऑइल नाही. करुणा म्हणाली, रविवारीच दिलं. मग म्हणाला, मागच्या चाकात हवा कमी असेल. करुणानं टायर दाबून दाखवला, दगडासारखा. मग त्यानं वाऱ्याचं नाव घेतलं. परत येताना वारा पाठीमागून होता, हे सांगायची तिला इतकी हुक्की आली की जीभ दातांखाली धरावी लागली. मायचं चुलीपुढचं बोलणं आठवलं. ती गप्प बसली. आयुष्यात तिनं याहून अवघड काही केलं नव्हतं, तो चढसुद्धा नाही.

रबर बसलं, जाळ पुन्हा धडाडला, वाफ सरळ झाली. निघायच्या वेळी भीमराजनं कुकरच्या पेटीतून पक्कड काढली, सायकलीपाशी उकिडवा बसला आणि तार तोडली. पान्यानं डायनामोची पकड सैल केली, टोपण टायरला नुसतं टेकेल इतकं मागं घेतलं. डायनामोला रबरी ट्यूबची पट्टी बांधून, ती ओढली की तो टायरावरून वर उचलला जाईल अशी सोय केली.

"चढाला वर उचलत जा," तो चाकाशी बोलावं तसं बोलला. "वर आल्यावर सोड."

"आन क्लास?"

"क्लासचं काय? जा की."

एवढंच. चुकलं म्हणाला नाही, खरं होतं तुझं म्हणाला नाही, काही नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी बाया जमल्या तेव्हा तो मिराबाईला समजावून सांगत होता, की डायनामो प्रकार लई ओढणारा असतो हो, टोपण जास्त दाबलं की निम्मा जोर घासण्यातच जातो, हे आपल्या ध्यानात आलं. मिराबाई मान डोलवत होती. थावरा म्हणाला, तुमचं डोकं चालतं भीमराज. करुणा तेव्हा माळावरूनच शाळेला निघाली होती. तिनं हे सगळं ऐकलं आणि घंटी इतक्या जोरात वाजवली की रतनसिंगचं कुत्रं भुंकायला लागलं.

संध्याकाळी क्लासमध्ये राहिलेलं प्रमेय झालं, पुढचंही झालं. ओढ्यात उतरून तिनं पट्टी ओढली, टोपण टायरावरून सुटलं, दिवा गेला आणि सायकल हलकी झाली. खडी पायाखालची ओळखीची होती. बाभळ कधी मागं पडली तिला कळलंसुद्धा नाही. वर आल्यावर तिनं टोपण सोडलं, दिवा लागला, आणि ती धापा न टाकता, न ढकलता, घूंऽऽ करत जाळापाशी येऊन उतरली. दम लागलेला नव्हता. चेहऱ्यावर हसू होतं, ते लपवायचं तिच्या मनात नव्हतं.

भीमराजनं तिच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, तिथं अजून तांबूस रेघ होती. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"एवढ्या लवकर?" तो म्हणाला. "क्लास पुरा झाला का मधूनच निघालीस?"

करुणाच्या हातातली चहापत्तीची पुडी तशीच राहिली. मिराबाईचा विळा थांबला. आता हिनं कोणता फळा आणून कोणते बाण काढून दाखवायचे?

रुक्माबाई ड्रम कलंडवत होती. गरम हळद धबधब खळ्यावर पडली, वाफ तिच्या तोंडावर आली, तिनं ती पदरानं बाजूला केली.

"काल तुमचा दिवा विझला बाभळीपाशी," ती म्हणाली. "तुमाला कुनी काई इचारलं का?"

भीमराज उभा राहिला, बसला, परत उठला. मग फावडं घेऊन तो खळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला गेला आणि आधीच पसरून ठेवलेली हळद पुन्हा पसरायला लागला.